उंबरठ्यावरचा लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे. झाकण उघडताना माझ्या बिजागरीतून जो आवाज येतो, तो पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतो आणि दुसऱ्यांदा ऐकणारा हसतो. माझ्या अंगावरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून नेली आहेत. चार्जरच्या वायरीला दोन जागी काळी पट्टी गुंडाळलेली आहे. सध्या माझा मुक्काम फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावर, किसनसिंग नाईकांच्या घरातल्या फळीवर आहे. एका बाजूला बियाण्याची रिकामी पिशवी, दुसऱ्या बाजूला कंदील, आणि अंगावर आरसे लावलेली लाल खोळ. ती खोळ कोणी शिवली आणि तिच्या आत मी असा गप्प का बसलो आहे, ते आज सांगतो. मित्रांनो, ऐकताना थोडी चीड आली तर येऊ द्या. मला फार आली होती. आमच्या जातीला चीड आली की आतला पंखा जोरात फिरतो, तेवढंच आमच्या हातात असतं.

माझा जन्म कुठल्या देशात झाला, ते पोटाखालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं; ती चिठ्ठी घासून गेली. मला आठवतं ते यवतमाळचं नीळकंठरावांचं घर. नीळकंठराव सरकारी कार्यालयात होते, त्यांचे वडीलही तिथेच होते. त्यांच्या मुलासाठी, अभिषेकसाठी, मी आलो. अभिषेकच्या आईनं, विमलताईंनी, मला देवासमोर ठेवलं आणि कुंकवाचं बोट लावलं, ते नेमकं माझ्या कॅमेऱ्यावर. पुढचे काही दिवस मला सगळं जग लाल दिसत होतं.

अभिषेक शिकायला चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. कोणाचं श्रेय खायचं नाही. पण त्याच्या ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी विमलताई कुकर लावत नसत. नीळकंठराव जेवायला घरी आले तर चपला हातात घेऊन आत येत. दार बंद, पंखा बंद, गल्लीतल्या भाजीवाल्याला सुद्धा विमलताई खिडकीतून हातानंच पुढे पिटाळत. अशा शांततेत अभिषेकला पुण्याला नोकरी लागली. कंपनीनं त्याला नवा लॅपटॉप दिला, आणि मी कपाटावर, दिवाळीच्या रिकाम्या डब्यांशेजारी गेलो. तिथं माझ्यावर किती धूळ साचली ते मला सांगता येणार नाही. झाकण बंद असलं की आम्हांला दिवस कळत नाहीत.

खाली उतरवलं ते शीलासाठी. शीला तांड्यावरची मुलगी. यवतमाळला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती आणि वसतिगृहातून विमलताईंकडे जेवणाचा डबा न्यायला यायची. विमलताईंच्या मोबाइलमधले सगळे फोटो एकदा गायब झाले, ते तिनं उभ्या उभ्या परत आणून दिले. विमलताईंनी स्टूल घेतलं, मला खाली काढलं आणि पदरानं पुसलं.

"शीला, घेऊन जा व याले. वर पडून पडून मुंग्या लागतीन."

"ताई, परत कधी आणून देऊ?"

"नोकरी लागली की पेढे आन. याले नको आनू."

अशा रीतीनं मी पेढ्यांच्या बोलीवर तांड्यावर आलो.

शिक्षण संपवून शीला घरी आली त्या दिवशी अर्धा तांडा मला पाहायला आला. असं कौतुक माझं ना आधी झालं होतं, ना पुढे झालं. शीलाच्या याडीनं, म्हणजे आईनं, हंसाबाईंनी, जुन्या घागऱ्याचा लाल काठ उसवून ही खोळ शिवली. काठाला कवड्या लावल्या, मध्ये आरसे. "माशी बसली तं आपलंच तोंड पाहून उडून जाईन," म्हणाल्या. किसनसिंग नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, सगळ्यांत शेवटी आले. फार वय झालेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, जाडी चिमटीत धरून पाहिली.

"इतका पातळ! अन् याच्यात नोकरी असते?"

"याच्यात नसते, बाबा. याच्यातून जा लागते," शीला म्हणाली.

"तू बारीक हायेस. जाशीन."

आता नाईकबाबांची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर आहे. रोज सकाळी ते काठी टेकत तांडाभर फिरत. प्रत्येक दारासमोर थांबत आणि "राम राम" म्हणत. आतून "राम राम, बाबा" आलं की पुढचं दार. दिसत नव्हतं, म्हणून आवाजावरून त्यांना सगळं कळायचं: कोणाला ताप आहे, कोण रात्री भांडलं आहे, कोण गावाला गेलं आहे. एखाद्या दारातून उत्तर आलं नाही, तर ते हलत नसत. उत्तर न देणं म्हणजे आत काहीतरी वाईट घडलं आहे, नाहीतर आतल्यांनी तांड्याशी नातं तोडलं आहे. तिसरा अर्थ तांड्याला माहीत नव्हता.

ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. मला नोकरीच्या जाहिराती तशाच वाटायच्या. वरून लिहिलेलं, नवशिक्यांचं स्वागत आहे. फोडलं की आत, दोन वर्षांचा अनुभव पाहिजे. शीला आधी आपली सगळी माहिती असलेली फाइल चढवायची. ती चढली की खाली चौकटी उघडायच्या आणि तीच माहिती पुन्हा एकेक करून विचारायच्या. शहर निवडा. यादीत जगातली शहरं होती, फुलसावंगी नव्हती. मग ती नागपूर निवडायची आणि माझ्याकडे पाहून म्हणायची, "चल बाबू, आज आपन नागपूरचे."

आणि ते प्रश्न! एकदा पडद्यावर झाडाचं चित्र आलं. फांद्यांऐवजी रेघा, फळांऐवजी आकडे, आणि हुकूम असा की झाड उलटं करून दाखवा. हंसाबाई मागून वाकून बघत होत्या.

"हे काय करून राह्यली व?"

"याडी, झाड उलटं करा लागते."

"उलटं करून मंग कापूस कोन्या बाजूनं वेचाचा?"

शीला हसली, पण झाड तिनं उलटं केलं, आणि झटक्यात केलं. तिच्या हाताला वेग होता हो. अभिषेकची बोटं मला आठवतात. ती विचारत विचारत पडायची. शीलाची पडायची ती ठाम. कोणी तिचं काम शांतपणे बसून पाहिलं असतं, तर एवढ्या फेऱ्या लागल्या नसत्या. पण पाहायला माणूसच नव्हता.

मुख्य अडचण वेगळीच होती. त्या घरात मोबाइलला रेंज फक्त दारात यायची. पाऊलभर आत सरकलं की गेली. म्हणून शीलानं दाराच्या चौकटीला खिळा ठोकून मोबाइल दोरीनं टांगला होता. उंबरठ्याच्या आत स्टूल, स्टुलावर मी, आणि उंबरठ्यावर, रस्त्याकडे पाठ करून, शीला. दार बंद करायचं म्हणजे परीक्षाच बंद करायची.

पहिली मोठी परीक्षा आली तेव्हा नियम वाचून माझाच पंखा फिरायला लागला. कॅमेरा सुरू ठेवा. नजर हलवू नका. दुसरी व्यक्ती दिसता कामा नये. दुसरा आवाज येता कामा नये. तोंडानं बोलू नका. डोळा माझा, पण त्यातून पाहत होतं दुसरंच काहीतरी, आणि ते माणूस नव्हतं.

शीलाचं छान चाललं होतं. निम्म्याहून जास्त झालं होतं. आणि तिच्या खांद्यामागे मला फेटा दिसला.

"राम राम, बाई."

शीलानं मान सुद्धा वळवली नाही. बोटं थांबली नाहीत. पण तोंडातून आपोआप गेलं, जसं आजवर रोज गेलं होतं.

"राम राम, बाबा."

पडद्यावर लाल पट्टी आली. दुसरी व्यक्ती आढळली. उमेदवार बोलताना आढळला. परीक्षा समाप्त.

"बरं हाये ना समदं?" बाबांनी विचारलं.

"बरं हाये, बाबा," शीला म्हणाली, आणि माझं झाकण हळूच लावलं.

तिनं त्या कंपनीला कळवलं, की ते आमचे नाईक आहेत, नमस्काराला उत्तर दिलं, आणखी काही बोलले नाही. लगेच उत्तर आलं: आपला संदेश मिळाला, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. मित्रांनो, मी यंत्र आहे. तरी मला कळत नाही, की ज्याला उत्तर द्यायचं नाही असलं पत्र माणूस लिहितो तरी कशाला?

दिवाळी जवळ आली. बोंडं अर्धी किडली होती आणि तांडा ऊस तोडायला निघायच्या तयारीला लागला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावर न्यायची. हंसाबाईंचे गुडघे गेलेले. चुलीपासून उठताना त्या भिंत धरत. शीलाचे वडील, फुलचंद, रोज संध्याकाळी उंबरठ्यावर बसायचे आणि तिच्याकडे न पाहता बोलायचे.

"एकट्याचा कोयता होत नाही, बाई. मुकादम इचारून राह्यला, तुह्या याडीचं नाव टाकू का म्हून."

"याडीचं नको टाकू, बापू. नोकरी लागली तं कोनालेच जाचं काम नाही."

"अन् नाही लागली तं?"

"तं माहं टाक. पन मुकादमाची गाडी निघेलोक थांब."

हे तिचं ती बोलली. त्या दिवसापासून गाडी आणि नोकरी यांची शर्यत लागली, आणि शर्यतीत धावणारा मी, चार्जरला पट्ट्या बांधलेला.

दुसऱ्या एका कंपनीची परीक्षा ठरली. ही जरा दयाळू होती: बाहेरचा गलका चालेल, पण घरातून कोणी बोलता कामा नये आणि उमेदवाराचे ओठ हलता कामा नयेत. शीलानं मागे चादर टांगली. हंसाबाईंनी घराघरात सांगितलं, आज आमच्या दारावर कोणी येऊ नका, काही विचारू नका. तांड्यानं इतकं ऐकलं की पोरांनी कोंबड्या सुद्धा हाकलून नेल्या. फक्त नाईकबाबा त्या वेळी मुलीकडे आर्णीला गेले होते. ते त्याच सकाळी परत आले. त्यांना कोणी काही सांगितलंच नाही.

चादरीमागून काठीचा आवाज आला. मी शीलाचा चेहरा पाहत होतो. माझ्या इतक्या जवळून तो कोणीच पाहत नव्हतं.

"राम राम, बाई."

तिनं ओठ मिटले. आत हंसाबाई चुलीजवळ उभ्या राहून हात हलवत होत्या, जा म्हणून. पण ज्याला हात करत होत्या त्याला दिसत नव्हतं.

"राम राम, शीलाबाई."

तिची बोटं चालू होती. टक टक टक. बाबांना ते ऐकू येत असणारच.

"आवाज तं येऊन राह्यला," बाबा स्वतःशीच म्हणाले. ते थांबले. बराच वेळ थांबले. मग काठी वळली आणि निघून गेली. शीलाच्या डोळ्यांतून पाणी माझ्या अक्षरांवर पडलं, पण नजर हलली नाही. नियमाप्रमाणे.

ती परीक्षा पास झाली.

हंसाबाई नाईकबाबांकडे जाऊन आल्या. परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं, ते मी ऐकलं.

"म्या म्हनलं, बाबा, तिचा पेपर होता. तं म्हनते, 'असा कोनता पेपर हाये, ज्याच्यात राम राम म्हनाले बंदी? राम राम म्हनल्यानं चोरी होते का?'"

दुसऱ्या दिवसापासून बाबा आमच्या शेजारच्या दारापर्यंत यायचे, आणि मग काठी आमचं दार सोडून पलीकडच्या दाराशी वाजायची. फुलचंद म्हणाले, "जाऊन पाय धर त्याईचे." शीला म्हणाली, "जातो ना, बापू. नोकरीचं पत्र आलं की पेढे घेऊनच जातो. रिकाम्या हातानं काय सांगू?"

मला वाटलं, बरोबर आहे. पत्र आता येणारच होतं.

मग मुलाखतीच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीतले साहेब कॅमेरा बंद ठेवून काहीतरी कुरकुरीत खात होते. दुसऱ्या फेरीतल्यांनी पहिल्या फेरीतलेच प्रश्न विचारले, कारण पहिल्यांनी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या फेरीत क्षितिज नावाचे साहेब होते. त्यांनी तिची माहिती वाचता वाचता विचारलं, "कॉलेज संपून वर्ष झालं. या वर्षात काय केलंस?"

"दिवसा कापूस वेचला, सर. सकाळी आणि संध्याकाळी कोड लिहिला. तुम्हांला दाखवू का?"

"नको, नको. म्हणजे गॅप आहे," ते म्हणाले, आणि काहीतरी टाइप केलं.

गॅप! वर्षभर माझ्या पंख्याला उसंत नव्हती, आणि हे म्हणे गॅप. मग त्यांनी तिला घरी करायला काम दिलं. गावोगावच्या दुकानांचा माल दाखवणारा पूर्ण प्रोग्राम करून पाठवा. तिनं तो केला. वीज जायची, माझी बॅटरी हंसाबाईंच्या गुडघ्यांसारखी झालेली. तरी वीज असेल तेव्हा, असेल तिथे बसून केला. आर्णीत तिच्या मामाचं किराणा दुकान होतं. त्यांच्या दुकानाचं नाव घालून चालवून पाहिला. मामांनी फोनवर पाहिलं आणि म्हणाले, "आता मले दुकानात बसाचंच काम नाही." मी एवढं सुंदर काम माझ्या आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

शेवटच्या फेरीत स्पृहा मॅडम होत्या. गोड आवाज, मागे हिरवं झाड.

"शीला, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?"

बाहेर फुलचंद कोयत्याला धार लावत होते. शीलानं पाठ केलेलं उत्तर दिलं.

"छान! तुझं काम सगळ्यांना फार आवडलंय. जवळजवळ झालंच समज. दोन दिवसांत नक्की कळवते."

मित्रांनो, ते दोन दिवस अजून चालू आहेत.

शीलानं पत्र पाठवलं. उत्तर नाही. आठवडा सोडून पुन्हा पाठवलं: मॅडम, नकार असला तरी कळवावं, म्हणजे मला घरी ठरवता येईल. उत्तर नाही. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. सकाळी उठली की ती आधी मला उघडायची. बिजागरी करकरली की हंसाबाई चुलीजवळून मान वर करायच्या. शीला झाकण लावायची आणि त्या मान खाली घालायच्या. नकार आला असता तर ती रडली असती, जेवली असती आणि दुसरीकडे अर्ज केला असता. पण उत्तरच नाही म्हटल्यावर माणूस रडणार तरी कशावर? ती नुसती उंबरठ्यावर बसून राहायची, आत ना बाहेर. आणि शेजारच्या दारापर्यंत येऊन काठी रोज तिला सोडून पुढे जायची.

एकदा ती माझ्याकडे पाहत एकटीच म्हणाली, "बाबाले असंच वाटलं असन."

मुकादमाची गाडी आली. भांडी, कोंबड्या, पोरं, गोधड्या चढल्या. हंसाबाई घर सांभाळायला मागे राहणार होत्या. फुलचंद गाडीजवळ उभे होते. तिच्याकडे पाहायचं टाळून ते दोरी आवळत होते, आवळलेलीच. शीलानं मला खोळीत घातलं, छातीशी धरलं आणि नाईकबाबांच्या घराकडे चालायला लागली. पेढे नव्हते. पत्र नव्हतं. हातात फक्त मी.

बाबा ओसरीवर दोर वळत बसले होते.

"राम राम, बाबा."

दोर वळत राहिला.

"राम राम, बाबा. शीला होय."

काही नाही. गाडीचा भोंगा वाजला. शीला हलली नाही. उत्तर मिळाल्याशिवाय दारापुढून हलायचं नाही, ही रीत त्यांचीच होती. बाबांनी दोराला एक पीळ दिला, दुसरा दिला, मग एक बोट वर केलं.

"थांब व. माहा पेपर चालू हाये."

शीलाच्या तोंडून हसू बाहेर पडलं आणि त्याच्या पाठोपाठ हुंदका. बाबांनी दोर बाजूला ठेवला.

"झाला. राम राम, बेटी. ये."

ती त्यांच्या पायांशी बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्या खोळीवरच्या आरशांवर.

"आलं का त्याईचं उत्तर?"

"नाही, बाबा."

"नाही म्हनले?"

"नाही बी नाही म्हनले. काहीच नाही म्हनले."

"म्या तं दोन खेपा म्हनलो अन् निंगून गेलो," ते म्हणाले. "तू किती खेपा म्हनलीस त्याईले?"

"मोजलं नाही."

"मंग तूच मोठी. जा. याले इथं ठेव, उसात करंट कुठचा आला? मी पाह्यतो त्याच्याकडं."

अशा रीतीनं मी या फळीवर आलो. शीला उसाच्या फडावर आहे. मोबाइल तिच्याजवळ आहे. वेळ मिळाला की ती त्यावर अजून अर्ज करते, हे हंसाबाईंनी बाबांना सांगितलं तेव्हा मी ऐकलं. पेढे विमलताईंकडे पोचायचेच आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला पुसा, उन्हात ठेवू नका, पाण्यापासून जपा, असं मी मागणार नाही. खोळ चांगली आहे, बाबा धूळ बसू देत नाहीत. तुमच्यातले काहीजण उद्या मोठे होऊन मोठ्या खुर्चीवर बसतील. तुमच्या दारावर कोणी काम मागायला येईल, महिनाभर खपून केलेलं काहीतरी दाखवेल आणि उत्तराची वाट पाहत उंबरठ्यावर बसेल. त्याला "हो" म्हणता आलं नाही तर "नाही" म्हणा. पण म्हणा. माणसाला उंबरठ्यावर सोडून आत झोपायला जाऊ नका.

माझी बॅटरी केव्हाच संपली आहे. नाईकबाबा रोज सकाळी तांड्याची फेरी करून येतात, काठी कोपऱ्यात ठेवतात आणि फळीकडे तोंड करून म्हणतात, "राम राम." मग जरा थांबतात. मी काही बोलू शकत नाही. बाबा खोळीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "असन पेपर चालू."